म्हाताऱ्याची मेंढरं

१

दुपारची भांडी घासून झाली, अप्पांची कूस बदलून झाली, तांब्या त्यांच्या डाव्या हाताशी ठेवला आणि दाराला कडी लावली, की सृष्टी जादूगार व्हायची.

हसू नका. कुंभारीच्या घरकुलातल्या दोन खोल्यांत, ऐन उन्हाळ्यात, एका मुक्या माणसाशेजारी दुपार काढून बघा. मग कळेल माणूस काय काय व्हायला तयार होतं ते. सोलापूरच्या उन्हाचं कौतुक बाहेरगावच्यांनी करावं, आम्ही नुसती दारं लावून घेतो. वर स्लॅब तापलेला, पंखा गरमच वारा खाली ढकलतोय, आणि नळाला पाणी कधी येईल हे देवालाही ठाऊक नसल्यामुळे कूलर कोरडाच. सृष्टीची आई तानाबाई सकाळीच टॉवेलच्या कारखान्यात शिलाईला जायची, ती दिवे लागायच्या वेळी उगवायची. मधला सगळा वेळ बापलेकीचा.

अप्पा म्हणजे बिरप्पा. मूळचे मैंदर्गीच्या बाजूचे, मेंढरांमागं हिंडण्यात जन्म गेलेला. चारायला रान उरलं नाही तेव्हा त्यांनी मेंढरं विकली आणि शहरात येऊन सुताच्या गोदामावर रखवालदार झाले. गेल्या थंडीत अंगावरून वारं गेलं. उजवी बाजू गेली, वाचा गेली. उरले डोळे आणि डावा हात. सृष्टी पुण्यातली नोकरी सोडून घरी आली ती तेव्हाच. नातेवाइकांनी पोरीच्या आयुष्याची माती झाली म्हणून हळहळून घेतलं. तिला स्वतःला तसं वाटत नसे; निदान रोज तरी वाटत नसे.

लॅपटॉप चुलतभावाचा, पुण्यातल्या युवराजचा. खेळही त्यानंच घालून दिलेला. इंटरनेटवरचा, हजारो लोक एकाच वेळी खेळतात तसला. डोंगर, जंगलं, राक्षस, लांडगे. लोक टोळ्या करून खेळतात. एक जण मार खायला पुढं, एक जण मलमपट्टीला, बाकीचे मारायला. सृष्टी मात्र एकटीच. टोळीत शिरलं की मधेच उठता येत नाही, उठलं की शिव्या पडतात, आणि अप्पांना कधी काय लागेल याचा नेम नाही. "थांब रे बाबा, वडलांची चादर बदलून येते," असं राक्षसाला सांगायची सोय नव्हती.

बरं, एकटीनं खेळायचं तर एखादा दणकट लढवय्या घ्यावा. ते नाही, घेतला जादूगार. त्याच्या अंगावर चिलखत नसतं, नुसता जांभळा झगा. लांडग्यानं गाठलं की दोन चाव्यांत कारभार आटोपला. म्हणून त्यानं लांबूनच मारायचं, मागं सरायचं, पुन्हा मारायचं. दोन शत्रू एकदम अंगावर आले तर एकावर मंत्र टाकून त्याचं घटकाभर मेंढरू करायचं आणि तोवर दुसऱ्याला निस्तरायचं. मंत्र उतरला की मेंढराचा पुन्हा राक्षस. पांढरी दाढी, हातात उंच काठी असा तो गडी होता. खेळात नाव द्यावंच लागतं, म्हणून तिनं त्याला 'म्हातारा' असं दिलं.

संध्याकाळी आई यायच्या आधी एक मंत्र तिचा ठरलेला. म्हातारा कुठल्याही डोंगरात असो, एक कळ दाबली की तो गावातल्या धर्मशाळेच्या दारात हजर. त्याला तिथं आणल्याशिवाय ती लॅपटॉप मिटत नसे. धनगराची पोर ती. दिवस मावळताना आपलं माणूस रानात सोडून घरात भाकरी खायची, हे तिच्या जिवाला पटायचंच नाही.

२

अप्पा आधी खेळाकडं बघत नसत. ते बघत पंख्याकडं. पंख्याकडं बघणारा बाप दिवसभर बघणं काय असतं, ते ज्याचं त्यालाच ठाऊक. मग एकदा गडबडीत तिनं एका केसाळ राक्षसाचं मेंढरू केलं आणि ते "ब्यॅऽ" करून ओरडलं. खाटेवरून कसला तरी आवाज आला. सृष्टीनं घाबरून वळून बघितलं, तर अप्पांचं अर्धं तोंड हसत होतं.

आजारपणानंतरचं ते पहिलं हसू. पोरीला रडूच कोसळलं. डोळे पुसले आणि तिनं समोर दिसेल त्या राक्षसाचं मेंढरू करायचा सपाटा लावला.

तेव्हापासून लॅपटॉप खाटेजवळच्या स्टुलावर आला, अप्पांना दिसेल असा. दोघं मिळून खेळू लागले म्हणा ना. मागून लांडगा येताना दिसला की अप्पा डाव्या हातानं खाटेच्या पाइपावर टकटक करायचे. ते बरोबर असायचं. लांडगा कुठल्या बाजूनं फिरून येतो हे त्यांना कुणी शिकवायची गरज नव्हती.

"अप्पा, बघताय नव्हं? ह्येचं करू का मेंढरू?"

टक, असं एकदा वाजलं की व्हय.

अशाच एका दुपारी माळावर दोन राक्षस आले. एकाचं तिनं मेंढरू केलं, दुसऱ्याला लोळवलं आणि पहिल्याचा मंत्र उतरायची वाट बघत काठी रोखून उभी राहिली. मेंढरू चरत होतं. चरता चरता ते म्हाताऱ्याजवळ आलं, त्याच्या झग्याला तोंड घासलं आणि तिथंच बसलं. मंत्राचा वेळ कधीच संपला होता. सृष्टी अप्पांना सरबत देऊन आली, चादर नीट केली, तरी ते तिथंच बसलेलं. रवंथ करत होतं.

"अडकलं वाटतं," ती म्हणाली. खेळात असं होतं कधी कधी. संध्याकाळी तिनं म्हाताऱ्याला गावात आणलं, मेंढरू माळावरच राहिलं. लॅपटॉप मिटताना अप्पांनी पाइप वाजवला. एकदा, मग पुन्हा, मग जरा जोरात. तिला वाटलं पाणी हवं असेल. पाणी त्यांनी घेतलं नाही.

३

दुसऱ्या दिवशी खेळ उघडला तर म्हातारा गावात नव्हताच.

माळावर उभा होता. भोवती मेंढरं.

आता तुम्ही म्हणाल, तिला घाम फुटला असेल. छे. शिकलेली पोर, तिनं आधी युवराजला फोन लावला.

"दादा, तू खेळतोस का माझ्या जादूगारावरून?"

"अगं, वेळ कुठंय मला? का गं?"

"न्हाय, जागा बदलली त्याची. आणि मेंढरं परत बदलंनात."

"बग असंल, प्रोग्रॅममधला काहीतरी बिघाड. जुना खेळ आहे तो, कोण बघतंय त्याच्याकडं आता. पासवर्ड बदल. काका कसे आहेत?"

"बरं हाय," ती म्हणाली, आणि पासवर्ड बदलला.

पण बग म्हणावं तर एक अडचण होती. खेळातली मेंढरं कापसाच्या गोळ्यासारखी पांढरीशुभ्र, बुटकी, परदेशी. ही तशी नव्हती. काळी होती, पाय उंच, कान लोंबते. एकाच्या कपाळावर पांढरा टिक्का. तिनं चित्र जवळ ओढलं. प्रत्येकाच्या डाव्या कानाला खाच होती. आमच्याकडं मेंढरं ओळखायला कानाला खाच पाडतात. कुणाची उजव्या कानाला, कुणाची डाव्या, ज्याची त्याची ठरलेली. अप्पांची कुठल्या कानाला असायची हे सृष्टीला आठवेना. मेंढरं विकली तेव्हा ती लहान होती. खाटेवर पडलेल्या माणसाला विचारायचं, तर तो हो किंवा नाही एवढंच वाजवणार.

तरी तिनं विचारलं. "अप्पा, आपल्या मेंढराला खाच डाव्या कानाला असायची व्हय?"

अप्पा तिच्याकडं बघतच नव्हते. पडद्याकडं बघत होते, आणि ओठ हलत होते. आवाज नव्हता, नुसते ओठ. एकेक मेंढरू निरखून झालं की ओठ हलायचे. नाव घेत असावेत तसे.

तिच्या मानेवर काटा आला. आणि खरं सांगायचं तर त्याच वेळी तिला फार बरंही वाटलं. किती तरी दिवसांनी तिच्या बापाला काहीतरी काम मिळालं होतं.

४

मग घरात वास येऊ लागला. लोकरीचा, लेंड्यांचा, ओल्या घोंगड्याचा. तिनं फरशी फिनाइलनं पुसली. वास गेला नाही.

कुसळं आधी तानाबाईला सापडली. संध्याकाळी नवऱ्याचं धोतर बदलताना तिनं काठाला हात लावला आणि बोट झटकलं. "आगं बया, ही कुसळं कुटनं आली? शिष्टे, ह्यास्नी भाईर काडलं हुतंस का?" शाळेत घातल्यापासून पोरीचं नाव तिला कधी नीट उच्चारता आलं नव्हतं.

"मी एकटी कशी काडू, आई? वाऱ्यानं आली असतील खिडकीतनं."

खिडकीखाली सिमेंटचा रस्ता आणि शेजारच्यांच्या मोटारसायकली. कुसळाचं गवत कोसभर नाही. तानाबाई खाली बसून एकेक कुसळ काढत राहिली. मग तिनं नवऱ्याचे तळवे हातात घेऊन बघितले, आणि पदरानं पुसले. पदराला तांबूस माती लागलेली सृष्टीनं बघितली. दोघींनी एकमेकींकडं बघायचं टाळलं.

म्हातारा रोज संध्याकाळी धर्मशाळेत येई आणि रोज दुपारी माळावर सापडे. प्रत्येक वेळी थोडा पुढं. माळाच्या शेवटाला एक उतरण होती, तिच्यापलीकडं एक लांबच लांब धार, डोंगराची. खेळाच्या नकाशात त्या धारेपलीकडं काही नव्हतंच. कोरी जागा.

मग एका दुपारी लाइट गेली. सोलापुरात लाइट जाणं ही काही बातमी नव्हे. पण लॅपटॉपची बॅटरी कधीच मेलेली, तो तारेवरच चालायचा. पडदा काळा झाला. पंखा फिरत फिरत थांबला. शेजारच्या घरातली तेलुगू मालिका मधल्या मधे गप झाली. अशा वेळी सगळ्या वस्तीवर एक शांतता पडते, तशी पडली.

त्या शांततेत सृष्टीला चरण्याचा आवाज आला.

गवत ओरबाडण्याचा, मग दातांखाली चावण्याचा. एकाचा नाही, पुष्कळांचा. मधेच खुरांखाली दगड घरंगळल्याचा. लॅपटॉप तर बंद. तिनं त्याला कान लावला, गार पडत चाललेला पत्रा तो. बाहेर शेळ्या असतील म्हणून कडी काढून बघितलं. रस्ता उन्हात पांढरा पडलेला, चिटपाखरू नाही. आवाज मागून येत होता. खाटेकडून.

अप्पा डोळे मिटून पडले होते. आवाज त्यांच्या अंगाखालून येत नव्हता, अंगातून येत नव्हता. नेमका कुठून येतो ते सांगता येणार नाही. ते जिथं होते, तिथून येत होता. ती हळूच जवळ गेली. त्यांच्या कपाळावर घाम होता, पण उकाड्याचा नाही. चालून आलेल्या माणसाचा असतो तसला, धुळीत मिसळलेला.

"अप्पा," ती म्हणाली.

आवाज थांबला. सगळी मेंढरं माना वर करून ऐकत असावीत, असा थांबला.

५

त्या आठवड्यात डॉक्टर येऊन गेले. छाती तपासून म्हणाले, आहे तसं आहे, जपा. जपणं म्हणजे काय ते सांगायला डॉक्टर थांबत नाहीत.

सृष्टीच्या ध्यानात मात्र एक गोष्ट आली होती आणि ती तिला कुणाला सांगता येत नव्हती. म्हातारा गावाजवळ असला की अप्पांचा श्वास जवळजवळ, खरखरत यायचा, हात पाइपावर अस्वस्थ फिरायचा. म्हातारा जसजसा माळावर लांब जाई तसतसा श्वास लांबत जाई. शांत होई. चेहऱ्यावरच्या आठ्या जात. दोन श्वासांमधलं अंतर वाढत जाई, इतकं की ती स्वतःचा श्वास धरून वाट बघत बसे. हे सगळं योगायोगानं होऊ शकतं, हे तिला पटत होतं. दुपारी माणसाला झोप लागते, झोपेत श्वास लांबतो. पटत होतं, पण म्हणून ती उठून स्वैपाकघरात जाऊ शकत नव्हती.

आणि मग त्या दुपारी म्हातारा धारेच्या पायथ्याशी दिसला.

तिनं कळफलकाला हात लावला नव्हता. तो आपला आपण चालत होता. खेळात आपला माणूस आपल्याला नेहमी पाठमोरा दिसतो; चेहरा बघायचा तर माउस फिरवून पुढं जावं लागतं. पाठमोरा माणूस चालीवरून ओळखू येतो. हा काठीवर जरासा रेलून, डावा खांदा पुढं टाकून चालत होता. जांभळ्या झग्यावर खांद्यावरून काहीतरी काळं, जाड टाकलेलं. मेंढरं पुढं, तो मागं.

खाटेवरचा श्वास गेला, आणि परत येईना.

सृष्टीनं वाट बघितली. आणखी बघितली. पंख्याचा आवाज तेवढा येत होता. मग तिनं लॅपटॉपवर झडप घालून त्या रोजच्या मंत्राची कळ दाबली. म्हातारा धर्मशाळेच्या दारात उभा राहिला, एकटा.

अप्पांच्या अंगाला केवढा तरी झटका बसला. श्वास आला, घरघरत, खोकत, विहिरीतून वर ओढल्यासारखा. ती त्यांच्या छातीवर हात चोळत "अप्पा, अप्पा" करत राहिली. डोळे उघडले. आधी ते कुठं आलोय ते शोधत असल्यासारखे फिरले. मग तिच्यावर थांबले.

असं त्यांनी तिच्याकडं आयुष्यात कधी बघितलं नव्हतं. राग असता तर तिनं सोसला असता. ते विनवणं होतं. डोळ्यांतून पाणी ओघळून कानात गेलं, आणि अप्पांनी कशीबशी मान वळवून तोंड भिंतीकडं केलं.

त्या दिवशी त्यांनी तिच्या हातून पाणी घेतलं नाही. दुसऱ्या दिवशीही नाही.

६

"माज्याकडनं घेत न्हाईत गं," तिनं संध्याकाळी आईला सांगितलं, आणि मग सगळंच सांगून टाकलं. मेंढरं, माळ, लाइट गेल्यावरचा आवाज, सगळं. सांगताना तिचं तिलाच ऐकू येत होतं की हे किती खुळ्यासारखं आहे. आई भाकरी थापत होती. ती थापायची थांबली नाही.

"कानाला खाच कंची?"

"डावी."

"आन एकाच्या कपाळावर टिक्का?"

"तुला कसं ठाव?"

तानाबाईनं भाकरी तव्यात टाकली, हात धुतले आणि तशीच चुलीसमोर, म्हणजे गॅसच्या कट्ट्याखाली, भिंतीला टेकून बसली.

"दिवाळी झाली की वाटंला लागायचं असायचं," ती म्हणाली. "समदी मेंढरं घिऊन. पावसापत्तुर माणूस दिसायचा न्हाय. निगताना आमी बायका वस्तीवर हुब्या ऱ्हायाचो, पन मागनं हाक मारायची न्हाय. एकदा पाठ फिरली की न्हाय. कायबी इसरलं असलं तरी न्हाय. मागनं हाक आली की त्या माणसाला यावंच लागतंय. मनात असू नसू. आन मग वाट मोडती."

"मग?"

"म्या मारली हुती एकदा." तानाबाईनं पदर हातात घेतला आणि त्याचा काठ बोटाला गुंडाळत राहिली. "तुज्या वक्ताला. दिस भरलं न्हवतं आन पोटात कळा सुरू. ते निगालं हुतं, पार वड्यापल्याड गेलं हुतं. म्या बांधावर पळत गेले आन हाक मारली. लई घाबरले हुते गं. आले की मागं. मेंढरं भावाच्या हवाली केली आन आले. तू झालीस. तिकडं मेंढरास्नी रोग लागला. भावाला औषिद ठाव न्हाय. निम्मी मेली. टिक्क्याची मेंढी हाताला लागंना म्हनून भावानं तशीच रानात सोडली, ती गेलीच."

तव्यावरची भाकरी करपायला लागली होती. सृष्टीनं उठून ती उलटली.

"अप्पा काय म्हणाले तुला?"

"काय न्हाय. एका शबुदानं न्हाय. तुला मांडीवर घिऊन बसले, म्हनले, गेलेली समदी मेंढरं हितं आली. लोकं हळहळायची तर तुज्याकडं बोट करून म्हनायचे, माजी काय गेली न्हाईत, ही काय हितं हाईत." तिनं डोळे पुसले नाहीत, नुसते मिटले. "पन म्या बघायची ना. झोपंत व्हट हलायचे त्येंचे. नावं घ्यायचे एकेकाचं. जलमभर घेतली."

मग सृष्टीनं अगदी हळू विचारलं, "आई, रोज संध्याकाळी मी त्यांना... म्हाताऱ्याला गावात आणत होते. म्हणजे मी रोज..."

"तू मायेनंच केलंस," तानाबाई म्हणाली. "म्याबी मायेनंच केलं हुतं."

७

कारखान्याच्या सुट्टीच्या दिवशी तानाबाईनं सकाळी नवऱ्याला न्हाऊ घातलं. दाढी करायला सिद्धेश्वर न्हाव्याला घरी बोलावलं. धुतलेलं धोतर नेसवलं. एवढं सगळं कशासाठी, असं सृष्टीनं विचारलं नाही. तिनं चहा करून बशीत ओतून दिला, आणि अप्पांनी तो तिच्या हातून प्यायला. पिताना तिच्याकडं बघितलं. तिला तेवढंच हवं होतं. आणि खरं म्हणाल तर तेवढंच नको होतं. रुसलेले असते तर सोपं गेलं असतं.

दुपारी तिनं लॅपटॉप स्टुलावर ठेवला. तानाबाई खाटेच्या पायगतीला बसून नवऱ्याच्या तळव्यांना तेल लावत होती. पडद्यावर माळ आला. म्हातारा धारेच्या पायथ्याशी होता, मेंढरं त्याच्या भोवती. सृष्टीनं हात मांडीवर ठेवले.

तो निघाला.

तानाबाईनं ह्याआधी त्या खेळण्याकडं कधी धड बघितलं नव्हतं. आता बघितलं आणि तेलाचा हात तळव्यावर तसाच थांबला. "आगं बाई," एवढंच ती म्हणाली, आपल्याशीच. ती चाल तिनं जन्मभर वस्तीवर उभं राहून बघितलेली होती.

चढण मोठी होती. मेंढरं चढत गेली, तो मागून. खाटेवरचा श्वास लांबला. खोलीतला लोकरीचा वास दाट झाला, आणि त्यात गवताचा, ओल्या मातीचा वास मिसळला. पंखा चालू होता, तरी हवा दुसरीकडून येत होती. माथ्यावर पोचल्यावर मेंढरं एकेक करून पलीकडं उतरली.

म्हातारा माथ्यावर थांबला.

पाठमोराच. काठी टेकून. हाक येते का ते ऐकायला थांबावं तसा.

सृष्टीचं बोट त्या कळीपासून वीतभर लांब होतं. बापावरची तिची माया सांगून संपली नसती. मुका असू दे, लुळा असू दे, पंख्याकडं बघत पडलेला असू दे, पण आहे, हाताला लागतोय, एवढ्यावर ती आणखी दहा वर्षं चादरी बदलायला तयार होती. कुणी विचारलं असतं तर तिनं तिथल्या तिथं सही करून दिली असती. एक कळ. तो आला असता. यावंच लागलं असतं त्याला.

तिचा हात उठला आणि माउसवर गेला. एकदा चेहरा बघावा, फक्त एकदा. तिनं माउस जरासा डावीकडं सरकवला. माळ हळूहळू फिरू लागला. पाठ फिरली, खांद्यावरचं काळं घोंगडं फिरलं, उन्हात रापलेला कान दिसला, मग उजवा गाल. तो गाल वर चढलेला होता, डोळ्याच्या कडेला सुरकुत्या पाडून. हसतोय.

तिनं माउस सोडला. पुढचं बघायला तिला धीर झाला नाही, आणि बघायला नको होतं हेही तिला कळलं. माळ आपोआप फिरून जागेवर आला. पाठ पुन्हा समोर आली. मग ती पाठ माथ्यापलीकडं उतरत गेली, आधी झगा, मग घोंगडं, शेवटी काठीचं टोक.

खोलीत तानाबाईचा आवाज आला, खालच्या पट्टीत, अगदी रोजचा. "समदी गेली का? मागं कोन ऱ्हायलं न्हाय नव्हं?"

सृष्टीनं बघितलं. एक राहिलं होतं. कोकरू. चढणीच्या अर्ध्यावर, एका खडकापाशी, चरता चरता मागं पडलेलं. आता मान वर करून इकडं तिकडं बघत होतं. ओरडत होतं, पण आवाज येत नव्हता.

"एक हाय," ती म्हणाली. "बारकं."

"मग हाकल की त्येला. त्येच्यासाटी फिरतील न्हाय तर मागं."

म्हातारा नव्हता. दाबायला कळ नव्हती, मंत्र नव्हता. ती पडद्यापुढं वाकली आणि जीभ टाळूला लावून तिनं लहानपणी ऐकलेला आवाज काढला, ट्र्र्र, ट्र्र्र, मेंढराला पुढं घालायचा. तिला तो येतो हे तिचं तिलाही माहीत नव्हतं. पहिल्यांदा नीट जमला नाही. तिनं थुंकी गिळली आणि पुन्हा काढला.

कोकरानं कान टवकारले. तिच्याकडं बघितलं, अगदी सरळ. मग वळलं आणि उड्या मारत चढण चढून गेलं.

धार मोकळी झाली. नुसतं गवत हलत होतं. सृष्टीनं वाट बघितली, खाटेवरच्या श्वासाची. आपला श्वास धरून बघितली, सोडून पुन्हा धरून बघितली. अप्पांचा डावा हात चादरीवर उताणा पडला होता, मूठ सैल. चेहरा भिंतीकडं नव्हता. दाराकडं होता.

तिच्या छातीतून हुंदका वर आला, मोठा, सगळ्या वस्तीला ऐकू जाईल असा. तोंड उघडलं तेवढ्यात तानाबाई पायगतीवरून उठली, तेलकट हातानं तिनं पोरीचं तोंड दाबलं आणि तिला पोटाशी धरलं.

"अजून नगं, शिष्टे," ती कानाशी म्हणाली. "अजून रडू नगंस. जरा लांब जाऊ दे त्यास्नी."